तंबूतली थंडी

परवा सकाळी खोबरेलाची बाटली उपडी केली आणि तेल काही खाली येईना. बोटानं उकरून काढलं, टाचांना चोळलं आणि मनाशी म्हटलं, चला, आली थंडी. सोलापूरची थंडी अशीच कळते. बाटलीत तेल थिजवते, टाचा तडकवते, गल्लीतल्या म्हाताऱ्यांना नऊ वाजेपर्यंत उन्हाच्या पट्ट्यामागं खुर्च्या सरकवायला लावते, आणि अकरा वाजले की निघून जाते. सकाळी घातलेला स्वेटर मग शाळेत दिवसभर खुर्चीच्या पाठीवर लटकत राहतो. दूरच्या डोंगरातून येऊन रस्त्याच्या कडेला स्वेटर विकणारी माणसं स्वतः अर्ध्या बाहीच्या शर्टात बसलेली असतात.

मला मात्र थंडी म्हटलं की हल्ली वेगळाच वास येतो. ओल्या वाळ्याचा, रबरी चटयांचा आणि नव्याकोऱ्या तंबूच्या कापडाचा. दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आमच्या शाळेच्या मैदानावर बर्फ पडला होता, तेव्हापासून.

मी शाळेत चित्रकला शिकवते. ‘हिवाळा’ हा विषय दिला की वर्गातली सगळी मुलं एकच चित्र काढतात. उतरत्या छपराचं घर, छपरावर बर्फ, बाजूला त्रिकोणी झाडं, धुराड्यातून धूर. फ्रीजच्या बाहेर ज्यांनी कधी बर्फ बघितलेला नाही, ती ही मुलं. मी म्हणायची, “अरे, आपला हिवाळा काढा की. हुरड्याची आगटी काढा, शेकत बसलेली माणसं काढा.” मुलं “हो मॅडम” म्हणायची आणि पांढरा रंग मागायची.

त्यामुळं मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, की हिवाळ्याची गोष्ट सांगणारी एक सर्कस तीन दिवस आपल्या मैदानावर येणार आहे, तेव्हा मला हसूच आलं. “प्राणी नाहीत, काही नाही. तरुण मुलंमुली आहेत. तुम्ही कलेच्या बाई, त्यांना काय हवं-नको ते तुम्हीच बघा,” असं म्हणून सर मोकळे झाले.

सर्कस म्हणजे मला माझे नान्ना. आमच्या घरी तेलुगू बोलतात, वडिलांना नान्ना म्हणतात. ते गिरणीत मागावर होते. मागाच्या खडखडाटानं त्यांचे कान चाळिशीच्या आतच गेले होते. तरीही थंडीच्या दिवसांत गावात सर्कस आली की ते मला खांद्यावर घेऊन जायचे. लाकडाच्या भुश्श्याचा वास, जनावरांचा उग्र दर्प, आणि दारावरच्या मचाणावर लाल कोट घालून बसलेला बँड. पाळण्यावरची बाई झेप घेण्याआधी ड्रम घुमायला लागायचा, तेव्हा नान्ना माझा तळहात धरून स्वतःच्या छातीवर ठेवायचे. “कळतंय?” असं डोळ्यांनीच विचारायचे. त्यांना बाकी बँड ऐकू यायचा नाही. ड्रम तेवढा छातीत कळायचा.

तर आमच्या मैदानावर पांढरा तंबू उभा राहिला. जेमतेम तीनशे खुर्च्यांचा. अकरा कलावंत, सगळे पंचविशी-तिशीतले. त्यांचा प्रमुख मिहिर. गोष्ट साधीच होती. एका गावाला थंडी माहीतच नसते, म्हणून एक मुलगी थंडी शोधायला निघते. वाटेत तिला उंच पायांवर चालणारी झाडं भेटतात, पांढरे चेंडू झेलणारे वारे भेटतात, एकाच पांघरुणासाठी भांडणारे दोन आळशी भाऊ भेटतात. शेवटी ती दोरावरून चढत ढगापर्यंत जाते, ढग फोडते आणि बर्फ पडतो. कागदाचा. पण प्रेक्षकांना खरोखर गार वाटलं पाहिजे, असा मिहिरचा हट्ट. त्यानं तंबूच्या चारी कोपऱ्यांत कूलर लावायचे ठरवले. सोलापुरात उन्हाळा संपला की कूलर धुऊन, पुसून, माळ्यावर जातो. डिसेंबरात तो खाली काढायला सांगितल्यावर आमचे शिपाई माझ्याकडं ज्या नजरेनं बघायला लागले, ती नजर मी विसरणार नाही.

एवढं सगळं जमलं आणि एक अडचण आली. त्यांचा ड्रम वाजवणारा आदल्या गावी कावीळ होऊन दवाखान्यात पडला. मिहिर म्हणाला, “रेकॉर्ड केलेलं संगीत आहे, त्यावर चालवू.” सगळे मान्य झाले, एक जण सोडून.

ती सोनाली. गोष्टीतली मुलगी तीच, दोरावर चढायची तीच. चोवीस वर्षांची, काळीसावळी, हाताचे तळवे घट्टे पडून खरखरीत झालेले. मला म्हणाली, “मॅडम, रेकॉर्ड माझ्यासाठी थांबत नाही. मला वर एक श्वास जास्त लागला, तर ते पुढं निघून जातं आणि मी मागं राहते. मागं राहिलेलं शरीर घाई करतं. घाई केली की चूक होते.”

तिचं बोलणं ऐकताना मला आमच्या गल्लीतले रशीदचाचा आठवले.

रशीदचाचा सत्तरीचे. आमच्यापासून तिसरं घर. अठराव्या वर्षी घरातून पळून जाऊन सर्कशीच्या बँडमध्ये भरती झाले आणि बारा वर्षं ट्रम्पेट वाजवत देशभर हिंडले. मग सोलापुरात परतून लग्नाच्या बँडमध्ये. पुढं समोरचे दात गेले. ट्रम्पेटला ओठांमागं दातांचा आधार लागतो, कवळीवर ते जमत नाही. त्यांचं ट्रम्पेट गेली दहा वर्षं टॉवेलात गुंडाळून कपाटावर होतं, आणि चाचा मुलाच्या गाद्यांच्या दुकानात कापूस पिंजून देत बसायचे.

मी त्यांना एकदा विचारलं होतं, “चाचा, मी नान्नांबरोबर बघितलेल्या सर्कशीत वर लाल कोटात तुम्हीच होता का हो?” मला वाटलं, काय योग असेल! चाचांनी साल विचारलं, डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, “नै बेटी. उस साल हम नागपूरकू होते.”

त्या संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले.

“दात न्हायत, फुंकू काय?” ते म्हणाले.

“फुंकायचं नाही चाचा. ड्रम वाजवायचाय.”

“ड्रम तो कोई भी बजाता.”

“एकदा बघायला तर चला. पोरीचं काम बघा, आणि नाही म्हणा.”

ते आले. शेवटच्या रांगेत, दुकानातला कापूस केसांत तसाच घेऊन, हाताची घडी घालून बसले. सोनाली दोरावर चढायला लागली. तिचं चढणं मोठं बघण्यासारखं होतं. हातापायांची घाई नाही, धडपड नाही. पाण्यातून कुणी वर यावं तशी ती वर जायची. तिच्याकडं बघता बघता माझं लक्ष शेजारी गेलं. चाचांची घडी सुटली होती. उजव्या हाताची दोन बोटं मांडीवर वाजत होती. सोनाली वर थांबली की बोटं बारीक, भरभर; हलली की एकच ठोका.

ती खाली आली तेव्हा चाचा उठून तिच्यापाशी गेले. ‘छान’ वगैरे काही म्हणाले नाहीत. म्हणाले, “बेटी, वरती तू साँस पकडून ठेवतीस. कायकू?”

सोनाली गोंधळली. “भीती वाटते चाचा.”

“वाटू दे. वाटायलाच पाहिजे. लेकिन श्वास चालू ठेव. माझा इशारा तोच. तू श्वास थांबवलास तर मी आंधळा.”

मिहिरनं विचारलं, “चाचा, ढग फोडायच्या आधी ड्रम किती मात्रा घुमवायचा?”

“जितना इसको पाहिजे उतना.”

“पण साधारण?”

“साधारण क्या! ती दोरावर हाय, मी खुर्चीवर. ती सांगेल, मी ऐकेन.”

मग त्यांनी स्वतःची खुर्ची पडद्याच्या डाव्या बाजूला ओढून घेतली, तिथून सोनाली बाजूनं दिसायची. मला म्हणाले, “पायाकडं बघतो तो कच्चा ड्रमवाला. बरगडीकडं बघायचं.” घरातून त्यांनी पितळी कड्याचा जुना ड्रम आणला आणि दोन दिवस दोघं सराव करत राहिले. दुकान मुलावर सोडून. मुलगा एकदा कुरकुरत डबा द्यायला आला आणि बापाला वाजवताना बघून डबा हातात धरून तासभर उभाच राहिला.

सरावाच्या मधल्या वेळात सोनाली मला घरचं सांगायची. ती नातेपुत्याजवळची, धनगराघरची. गावच्या शाळेत दोरीचा मल्लखांब शिकली. तेव्हा तिचे वडील, आबा, तिला सायकलवर पुढं बसवून पहाटे सरावाला सोडायचे आणि सराव संपेपर्यंत कट्ट्यावर बसून राहायचे. तिला पोलीस भरतीत घालायचं, एवढंच त्यांच्या मनात. मैदानी चाचणीत तिचा हात कोण धरणार होतं? पण ती शहरात सराव करायला गेली, तिथं मिहिरच्या मंडळींचं काम बघितलं आणि भरतीचा अर्ज भरायचा राहूनच गेला.

“आबा एवढंच म्हणाले, ‘पोटासाठी दोरीवर चडायची येळ आमच्या घरात कुनावर आली न्हवती.’ त्यानंतर तीन वर्षं माझ्याशी बोललेले नाहीत. फोनवर शेजारी असतात, मला कळतं, खोकला ऐकू येतो. पण बोलायचं ते आईकडून.”

आता हिवाळ्यात आई-आबा दोघंही मेंढरं घेऊन माढ्याच्या बाजूला, तोडणी झालेल्या उसाच्या रानात उतरले होते. सोलापूर तिथून जवळ, म्हणून सोनालीनं आईला बोलावलं होतं. दोघांना एकदम येणं शक्यच नव्हतं. मेंढरांपाशी कुणीतरी हवंच.

शनिवारचा पहिला खेळ झकास झाला. मुलं स्वेटर-कानटोप्या घालून आली, बाहेर उन्हात घामाघूम झाली आणि तंबूत शिरल्यावर कूलरच्या वाऱ्यानं कुडकुडायला लागली. पांघरुणासाठी भांडणाऱ्या दोन भावांना मी माझ्या घरातली सोलापुरी चादर दिली होती, मोरांची. ती बघून तंबूत असा हशा उठला, की ते दोघे बिचारे काही वेळ संवादच विसरले. प्रत्येकाच्या घरी तीच चादर!

रविवारी सकाळी मी तंबूत पोचले तेव्हा सोनाली एका ट्रंकेवर बसून फोनवर बोलत होती. तळव्यांना मलम लावलेलं, म्हणून फोन स्पीकरवर. पलीकडून तिच्या आईचा आवाज येत होता.

“माज्या गुडघ्यानं एश्टीची पायरी चडवत न्हाय बग. म्हनून तुज्या आबांस्नी धाडलंय.”

“आबांना?”

“व्हय. सकाळच्या गाडीनं निगालं बी.”

“आणि मेंढरं?”

“मी हाय की.”

सोनालीनं फोन ठेवला. मग चाचांकडं वळून म्हणाली, “चाचा, आज आबा बघणार मला.”

चाचा ड्रमची दोरी ताणत होते. मान वर न करता म्हणाले, “बघू दे. साँस सोड.”

आबा साडेतीनला आले. धोतर, पांढरा पटका, खांद्यावर काळं घोंगडं, हातात काठी. दारावरच्या माणसानं काठी बाहेर ठेवायला सांगितली तर ते तिथंच थांबले. “काठी न्हाय तर हात रिकामा वाटतुया,” म्हणाले. मी पुढं झाले, काठी मी सांभाळते म्हटलं आणि त्यांना माझ्या शेजारी दुसऱ्या रांगेत बसवलं. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले, बस आत्ता सुटेल असे. पुढच्या रांगेत एक चिमुरडी कूलरच्या वाऱ्यानं आखडून गेली होती. आबांनी न विचारता घोंगड्याचं टोक तिच्या पाठीवर टाकलं.

“टोचतंय,” ती म्हणाली.

“टोचनारच की. पर ऊब लई देतंय. बस गप.”

आणि ती गप्प बसली, घोंगडं ओढून घेऊन.

खेळ सुरू झाला. उंच पायांची झाडं आली तेव्हा आबांनी फक्त भुवया वर केल्या. चादरीच्या भांडणाला मात्र मोठ्यानं हसले आणि हसल्याबद्दल स्वतःच दचकले. सोनाली रंगमंचावर आली तेव्हा त्यांच्यात काही फरक पडलेला दिसला नाही. घोंगड्यावरचा हात तेवढा आवळला.

ती चढायला लागली. चाचांचा ड्रम तिच्या मागून हळूहळू. वर, तंबूच्या शिखराजवळ, तिनं दोर अंगाभोवती गुंडाळायचा, पायात अडकवायचा, मग हात सोडून सरळ खाली झेपावायचं आणि जमिनीच्या चार फूट वर थांबायचं, असं ते काम. थांबवणार तो पायातला पीळच. तो नीट बसला नाही, तर थांबवणारं दुसरं काही नाही. खाली जाड गादी होती खरी, पण त्या उंचीवरून गादी म्हणजे मनाची समजूत.

ती वर पोचली. ड्रम घुमायला लागला. तिनं दोर कमरेवरून घेतला, मांडीवरून घेतला, आणि थांबली. खाली बघितलं. दुसऱ्या रांगेत काळं घोंगडं तिला दिसलं असणार. तिचा पाय दोरातून निसटला. ती दोन्ही हातांवर लोंबकळली, पुन्हा पाय वर घेतला, पुन्हा तो निसटला. आजूबाजूला कुणालाच काही कळलं नव्हतं. लोकांना वाटलं, असंच असतं. मी दोन दिवस सराव बघितला होता, मला कळलं, पीळ बसत नाहीये.

आणि शेजारून, ओठांतल्या ओठांत, आबांचा आवाज आला.

“आडी घाल. घाई नगं. आडी घाल, पोरी.”

अढी म्हणजे दोरीच्या मल्लखांबात पायानं दोरीला मारायची मिठी, हे मला नंतर कळलं. कट्ट्यावर बसून वर्षानुवर्षं त्यांनी ती बघितली होती.

चाचांचा ड्रम थांबला नाही. रेकॉर्ड असतं तर केव्हाच ढग फुटल्याचा आवाज होऊन गेला असता. ड्रम बारीक झाला, इतका बारीक की पावसाळी किडे किरकिरावेत तसा, पण सलग. त्यात घाई नव्हती, काळजी नव्हती. जणू ही मुलगी संध्याकाळपर्यंत वर राहिली तरी हा माणूस तसाच वाजवत राहील. मी चाचांकडं बघितलं. त्यांची नजर तिच्या बरगडीवर होती आणि त्यांचे स्वतःचे खांदे श्वासाबरोबर वरखाली होत होते, मोठ्ठे, मुद्दाम, तिला वरून दिसावेत असे. तो घुमारा माझ्या छातीत उतरला, आणि नान्ना माझा तळहात का धरायचे ते मला पन्नाशीत समजलं.

सोनालीनं श्वास सोडला. मला खालून दिसलं. पाय वर गेला, दोरात वळला, बसला.

“बसली,” आबा म्हणाले.

ड्रमचा एकच ठोका, आणि ती सुटली. तंबूतल्या तीनशे माणसांनी एकदम श्वास आत घेतला. जमिनीपासून चार फुटांवर ती थांबली, डोकं खाली, हात पसरलेले, आणि वरून बर्फ पडायला लागला. मुलं खुर्च्यांवर उभी राहिली. घोंगड्यातली चिमुरडी तोंड उघडून कागदाचे कपटे जिभेवर झेलत होती. आबा उठून उभे राहिले होते. टाळ्या वाजवत नव्हते. पटक्यावर पांढरे कपटे साठत होते आणि ते नुसते उभे होते.

खेळ संपल्यावर मी त्यांना पडद्यामागं घेऊन गेले. सोनाली समोर आली, मान खाली घालून पाया पडली. ते सरळ दोरापाशी गेले. हातात धरला, मुठीत दाबून बघितला, वास घेतला.

“सुताचा हाय व्हय?”

तीन वर्षांनंतरचे पहिले शब्द. सोनालीनं मान डोलावली.

“आत काय भरलंय?”

“आत पण सूतच. वरून विणलंय.”

“वर कोन बांदतं?”

“मीच बांधते, आबा.”

“रोज बगतीस?”

“रोज. खेळाच्या आधी दोनदा.”

आबांनी दोर दोन्ही हातांनी धरला, पाय उचलले आणि पूर्ण अंगाचा भार टाकून लोंबकळले. पासष्टीचा माणूस, धोतर-पटक्यासकट. वरची लोखंडी कडी करकरली. मिहिर धावत पुढं झाला, चाचांनी हातानंच त्याला थांबवलं. आबा खाली उतरले, हात झटकले.

“बरा हाय,” म्हणाले.

मग चाचांकडं वळले. “तुमी वाजवत व्हता?”

“हौ.”

“आज लई येळ वाजिवलं.”

“उसकू वक्त लगना था,” चाचा म्हणाले. “मला कुठं जायचं हाय?”

 आबांनी कमरेची चंची काढून पुढं केली. चाचा पान खात नव्हते, दात नव्हते, तरी त्यांनी एक पान घेतलं आणि खिशात ठेवलं.

आईनं दिलेलं गाठोडं सोनालीच्या हातात देऊन आबा निघाले. बाजरीच्या भाकरी, शेंगांची चटणी आणि उसाची चार कांडी. मी काठी परत दिली. जाताना सोनालीला म्हणाले, “हात लई खरबरीत झाल्यात तुजं. लोनी लाव.” बस. तेवढंच. ती त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेली आणि परत आल्यावर तंबूच्या मागं बसून तिनं अख्खी भाकरी खाल्ली, हसत आणि डोळे पुसत.

त्या थंडीनं बरंच काही बदललं. चाचा मंडळींबरोबर पुढच्या दोन गावांना गेले. मुलगा नको म्हणत होता, सूनबाईनं बॅग भरून दिली. फेब्रुवारीत परतले ते काळवंडून आणि चांगले टुणटुणीत होऊन. आता दर थंडीत जातात. आणि माझ्या वर्गातल्या मुलांनी पुढच्या आठवड्यात हिवाळा काढला, तेव्हा उतरत्या छपरांची घरं बरीच कमी झाली होती. कुणी दोरावरची मुलगी काढली होती. एकीनं नुसतंच कागदभर काळं खरखरीत घोंगडं काढलं, खडू आडवा घासून. मी विचारलं, “यात थंडी कुठाय?” तर म्हणाली, “मॅडम, आत मी आहे ना.”

पण मला खरं सांगायचंय ते सोमवारचं.

सोमवारी शेवटचा खेळ. पावणेचारला दारावर एक बाई उभी. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, हातात चप्पल, कारण मैदानातली माती पायाला लागलेली बरी वाटते म्हणाली. मी ओळखलंच.

“सोनालीची आई ना? गुडघा?”

“गुडघ्याला काय धाड भरलीय!” ती हसली. “ते येत न्हवतं मुकाट्यानं, म्हनून धाडलं. काल रानात माघारी आलं, भाकरी खाल्ली, आनि मला म्हनलं, ‘उद्या तू जा. मेंढरं मी बगतो.’ आनि काय सांगितलं म्हाईत हाय? ‘दोर बरा हाय,’ म्हनलं.”

तिला मी माझ्या शेजारी, कालच्याच खुर्चीवर बसवलं. खेळभर ती प्रत्येक गोष्टीला हसत होती, झाडांना हात लावून बघत होती. पण सोनाली दोराला हात घालते न घालते तोच तिनं पदर डोळ्यांवर ओढला आणि मान खाली घातली. ड्रम घुमला, ठोका पडला, बर्फ पडला, टाळ्या झाल्या. तिनं पदराआडूनच विचारलं, “उतरली का?”

“उतरली.”

“हातपाय?”

“सगळं जागेवर.”

तेव्हा कुठं तिनं पदर काढला. डोळे मिटूनच सगळा खेळ ऐकला होता तिनं.

प्रेक्षक गेले. कूलर बंद झाले आणि तंबूच्या उघड्या बाजूनं पाच वाजताचं पिवळं ऊन आत आलं. मंडळी खुर्च्या एकात एक घालत होती. जमिनीवर कागदी बर्फ घोट्यापर्यंत साठला होता. सोनालीनं आईजवळ येऊन विचारलं, “बघितलंस?”

आई खोटं बोलली नाही. “न्हाय बाय. न्हाय बगवलं.”

 सोनालीनं हात घसरू नयेत म्हणून लावायची भुकटी पुन्हा तळव्यांना चोळली आणि ती दोरापाशी गेली. चाचांनी काठ्या पिशवीत घातल्या होत्या, त्या काढल्या, आणि सोडलेला ड्रम पुन्हा गुडघ्यांत घेतला. दिवे नव्हते, पोशाख नव्हता. साध्या ट्रॅक पँटमध्ये ती चढली, अर्ध्यापर्यंतच, उन्हाच्या पट्ट्यात. आईचा हात पदराकडं गेला, तिथंच थांबला, आणि खाली आला. या वेळी तिनं बघितलं. लेक दोराला धरून वळत होती, उलटी होत होती, एका पायावर सगळा भार टाकून हात पसरत होती, आणि चाचा अगदी हलक्या हातानं तिच्याबरोबर होते.

सोनाली सरकत खाली आली. पाय बर्फात टेकले. धापा टाकत आईकडं बघायला लागली.

आईच्या तोंडाचा आ तसाच होता. तिनं तो मिटला, जागा सोडून दोन पावलं पुढं आली, वर शिखराकडं बघितलं, मग लेकीकडं.

“आनि एकदा चड की,” ती म्हणाली. “पार वरपतूर.”